वृद्धाश्रमाआधी संडासाची पायरी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गावातल्या म्हाताऱ्यांच्या राहण्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दोनच वाटांनी जाते. एक म्हणतो, पोरांनी सांभाळले पाहिजे. दुसरा म्हणतो, तालुक्याला एक वृद्धाश्रम बांधा. पहिल्यावर भाषणे होतात, दुसऱ्यावर भूमिपूजने. पोरगा पुण्याला कंपनीत, नाहीतर पोरगा-सून गावातच पण सकाळपासून वावरात, आणि घरी उरलेले बुढा-बुढी किंवा दोघांतले मागे राहिलेले एकच, हे चित्र वऱ्हाडापासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीपर्यंत सारखे आहे. २०११ च्या जनगणनेतच राज्यातली ९.९ टक्के माणसे साठीपुढची होती. देशाचा आकडा ८.६ टक्के होता.

यातल्या बहुतेकांना गाव सोडायचे नसते आणि बहुतेकांना सोडायची गरजही नसते. घर सुटते ते एखाद्या पडण्याने. न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, आणि मग 'आता यांचं घरी कसं करायचं' हे सुरू होते. म्हणून पैसा आणि डोके आधी राहत्या घरावर लावावे, मग रोज दार वाजवणाऱ्या एका माणसावर, मग कागदपत्रांवर; वृद्धाश्रम त्यानंतर. सध्या क्रम उलटा चालला आहे, म्हणून हे पत्र.

सुरुवात संडासापासून करू, कारण घात तिथे होतो. स्वच्छ भारतच्या बारा हजारांत बांधलेला संडास साधारण चार बाय तीन फुटांचा असतो. शोषखड्ड्याकडे उतार मिळावा म्हणून जोते उंच घेतात आणि त्याला दोन-तीन पायऱ्या ठोकतात, एकेक नऊ-नऊ इंचांची. गुडघे गेलेल्या माणसाला सहा इंचांवर पाय उचलणे जड जाते. त्यात एका हातात पाण्याचा डबा, पायरी ओली, आणि धरायला काही नाही. दार उघडते आतल्या बाजूला. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असे करणे हे वेल्डरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कडीही अशी हवी की बाहेरून खिळा घालून उचलता येईल. दुसरे काही जमत नसेल तर दार काढून जाड पडदा लावा.

पायऱ्या तोडून सगळीकडे रॅम्प करा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. रॅम्पचा उतार बारास एक पाहिजे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फूट जोत्याला अठरा फूट रॅम्प लागतो आणि गावठाणातल्या आंगणात तेवढी जागा क्वचितच असते. मग सहा फुटांत उरकतात आणि ती घसरगुंडी होते. पावसाळ्यात त्यावरून धडधाकट माणूसही उतरत नाही. चाकाची खुर्ची वापरणारा घरात नसेल तर चार-पाच इंचांच्या बुटक्या पायऱ्या कराव्या. पाय ठेवायला फूटभर रुंदी आणि दोन्ही बाजूंना कठडा. काठीवर चालणाऱ्याला तेवढे सोयीचे पडते. रॅम्प करायचाच असेल तर सिमेंट ओले असताना खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. मिस्त्रीला घोटाई करून गुळगुळीत करण्याची हौस असते, ती इथे चालू देऊ नका.

काळ्या भारी जमिनीची आणखी एक भानगड आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरवर ओतलेला रॅम्प किंवा पायरी दोन उन्हाळ्यांत जोत्यापासून सुटते आणि मधे इंच-दीड इंचाची फट पडते. काठीचे टोक नेमके त्या फटीत जाते. यावर उपाय जुनाच आहे: काळी माती दीड-दोन फूट उकरून काढायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुम्मसने ठोकायचा, आणि त्यावर काँक्रीट. मुरमाच्या ट्रॉलीचे पैसे वाचवायला गेले की पायरी दुसऱ्यांदा बांधावी लागते.

आता बसण्याचे. गुडघ्याने बसवत नाही म्हणून पोरे शहरातल्यासारखा कमोड बसवून देतात. ग्रामीण संडासाचे भांडे मुद्दाम जास्त उताराचे, पंचवीस ते अठ्ठावीस अंशांचे असते, आणि त्याच्या कोंबड्यात, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीत, फक्त २० मिलिमीटर पाणी थांबते. त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. कमोडला दर वेळी त्याच्या तिप्पट पाणी लागते. जिथे नळ तीन दिवसांआड येतो तिथे तो तुंबतो, वास मारतो, आणि महिन्याभरात म्हातारी पुन्हा परसाकडे रानात जाऊ लागते. त्यापेक्षा आहे त्याच भांड्यावर भोक असलेली लोखंडी कमोड खुर्ची ठेवावी. बसायची उंची सतरा-अठरा इंच, पायांना रबरी बूच, दोन्ही बाजूंना हात. घेण्याआधी संडासाची आतली रुंदी मोजा आणि खुर्चीचे चारही पाय भांड्याच्या बाहेर सपाट जागेवर टेकतात का ते पाहा. एक पाय भांड्याच्या उतारावर आला की खुर्ची कलंडते. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्याला साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये मिळतात. कमोड खुर्ची त्या यादीत आहे. लोक त्यातून कमरेचा पट्टा घेतात, जो आठ दिवसांनी खुंटीला लागतो. आधी खुर्ची घ्या.

धरायची दांडी लावताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, टॉवेलचा रॉड किंवा पीव्हीसीचा पाइप लावणे. तोल गेलेला माणूस दांडीला झटक्याने लटकतो, सगळे वजन एकदम येते. एक इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप घ्यावा. त्याची बाहेरची जाडी साधारण ३४ मिलिमीटर भरते आणि ती मुठीत नेमकी बसते. दीड इंची पाइप मजबूत दिसतो, पण सांधे आखडलेल्या बोटांची त्यावर पकड येत नाही. भिंत आणि पाइप यांत दीड इंच अंतर ठेवा. दुसरी चूक भिंतीची. साडेचार इंची विटेच्या किंवा मातीच्या भिंतीत फास्टनर ठोकला तर तो पहिल्या झटक्यातच विटेसकट निघतो. भिंत आरपार भोकून दहा मिलिमीटरचा बोल्ट घाला आणि पलीकडून चार बाय चार इंचांची लोखंडी पट्टी लावून आवळा. मातीची भिंत अगदीच कच्ची असेल तर पाइप भिंतीला न लावता खाली काँक्रीटमध्ये गाडून वर आढ्याला बांधा, उभा खांबच होतो. खुर्चीवर बसणाऱ्याला आडवी दांडी जमिनीपासून अडीच फुटांवर. उकिडवे बसणाऱ्याला उभी, दीड फुटापासून साडेतीन फुटांपर्यंत.

घरातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. न्हाणीतले शेवाळ आठवड्याला ब्लीचिंग पावडरने घासावे. अंघोळीला प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय ओल्या फरशीवर फाकतात. रबरी बुचांचे लोखंडी स्टूल बरे. उंबरठा काढायला घरचे तयार नसतात, त्यात देवाधर्माचे असते आणि ते समजण्यासारखे आहे. मग त्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार द्या आणि पांढरा पट्टा मारा. झोळ पडलेल्या बाजेतून उठणे हा वेगळा व्यायाम आहे, फळ्यांचे तखत घ्यावे. कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे अठरा ते वीस इंच उंची. उंची वाढवायला पायांखाली विटा ठेवू नका, त्या सरकतात. खोलगट खाच केलेले लाकडी ठोकळे ठेवा. बिछान्यावरून हात पोचेल तिथे दिव्याचे बटण हवे आणि संडासाच्या वाटेवर वीज गेल्यावरही जळणारा चार्जिंगचा बल्ब. पावसाळ्यात त्याच वाटेवर साप-विंचू असतात, तेव्हा बॅटरी आणि मागून पट्ट्याची चप्पल बाजेखालीच असावी.

घरकुल मंजूर झालेल्यांनी तर हे सगळे बांधतानाच करून घ्यावे. मैदानी भागात केंद्राच्या योजनेतून एक लाख वीस हजार मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट असते. तेवढ्यातही दार तीन फुटांचे ठेवायला आणि संडास घराला लागून घ्यायला फारसा जादा खर्च येत नाही. नंतर तोडफोड करायला येतो.

आता ऊन. टिनाचे छप्पर आणि मे महिना यांत दुपारी म्हातारे माणूस एकटे असणे ही इथली सर्वांत मोठी जोखीम, आणि वृद्धांच्या घरांवरच्या शहरी लेखांत तिचे नावही नसते. वयाने तहान मंदावते. अंगातले पाणी कमी झाले तरी प्यावेसे वाटत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतात. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून त्या गोळ्यांचे प्रमाण ठरवून घ्यावे, मनाने बंद करू नये. टिनाखाली सहा इंच जागा सोडून तुराट्यांची ताटी बांधली आणि पत्र्यावर चुन्याचे दोन हात मारले की खोलीत फरक पडतो. ताटीत उंदीर होतात आणि ती पेटतेही, म्हणून चुलीच्या खोलीत बांधू नका. कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. सगळे बंद करून कूलर लावला तर खोली दमट होते, थंड होत नाही. आणि लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर तो लावूच नका. पाणी भरताना आधी प्लग काढा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसे मरतात, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे असलेले म्हातारे माणूस त्यातून सुटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याच्या घरी फ्रिज नसेल तर माठात माठ ठेवून मधे ओली वाळू भरा आणि आतल्या माठात बाटली प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. चाळीस अंशांच्या कोनाड्यात ठेवलेले इन्सुलिन निकामी होते आणि साखर का वाढली ते कुणालाच कळत नाही.

याच कारणाने गावोगाव वृद्धाश्रमापेक्षा दुपारची एक खोली जास्त उपयोगाची आहे. समाजमंदिर किंवा पट कमी झालेल्या जिल्हा परिषद शाळेची रिकामी खोली, एक मोठा कूलर, दहा-पंधरा तखत, जवळच दांडी लावलेला संडास, आणि अकरा ते पाच थांबणारी एक बाई. मधल्या आकाराच्या कूलरला पाच तासांत चाळीस-पन्नास लिटर पाणी लागते. ती सोय आधी केली नाही तर खोली पंधरा दिवसांत बंद पडते, कारण भर उन्हाळ्यात पाणी कुणी आणायचे यावर भांडण होते.

घरानंतर माणूस. स्वतंत्र राहणाऱ्या म्हाताऱ्याला चोवीस तासांची बाई लागत नाही. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास लागतो. पाणी भरणे, अंघोळीला हात देणे, गोळ्या दिल्या का पाहणे, डबा ठेवणे. पन्नास रुपयांचा एक डबा धरला तर महिन्याचे दीड हजार होतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे मानधनही दीड हजारच आहे. म्हणजे सरकार देते तेवढ्यात एक वेळचे जेवण निघते. दुसरे पोरांनी किंवा गावाने. हे गणित पोरांसमोर कागदावर मांडावे, मोघम 'पैसे पाठवत जा' म्हणू नये.

बचत गटाकडून डबा सुरू करण्याचे प्रयत्न होतात आणि मोडतात. मोडण्याची वेळही ठरलेली असते: जून-जुलैत पेरणी-निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी. पूर्वेकडे जुलैत रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. या दिवसांत मजुरी डब्याच्या मोबदल्यापेक्षा जास्त असते, आणि बाईने ती सोडावी अशी अपेक्षा करणे अन्याय आहे. म्हणून करार बारा महिन्यांचा एकसारखा करू नये. हंगामात डबा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला असा वेळ बदलावा, आणि गटातल्या वावरात न जाणाऱ्या एका-दोघींना त्या महिन्यांत जादा द्यावे. डब्यात काय असावे यावरही बोलले पाहिजे. दात नसलेल्याला ज्वारीची भाकर वरणात कुस्करून जाते. त्याने रोज फक्त तेच खाल्ले तर अंगात ताकद राहत नाही. घट्ट वरण, दही किंवा अंडे यांतले एक रोज हवे. रक्तदाबवाल्याच्या डब्यात लोणचे-पापड नको. यावर भांडण होणार, म्हातारा डबा परत पाठवणार, हेही धरून चाला.

रोजची हजेरी कशी घ्यायची? सोपी रीत अशी की दूधवाला किंवा शेजारीण सकाळी आठला हाक देते, ओ आली नाही तर दुसरी किल्ली तिच्याकडे असते. बटणाच्या साध्या फोनमध्ये एका बोटाचा पहिला नंबर शेजाऱ्याचा हवा, पुण्याच्या पोराचा दुसरा. पोरगा पुण्याहून करणार काय, तो शेजाऱ्यालाच फोन लावणार. तिसरा १०८. वाद, फसवणूक, घरातून काढणे अशा गोष्टींसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

आपल्याकडची जुनी व्यवस्था म्हणजे पाळी: आई दोन महिने थोरल्याकडे, दोन महिने धाकट्याकडे, कधी बाप एकाकडे आणि आई दुसऱ्याकडे. पोरांना ती न्यायाची वाटते. पण दर पाळीला संडास बदलतो, दवाखाना बदलतो, गोळ्यांची चिठ्ठी जुन्या घरी राहते, आणि रात्री उठल्यावर दार कुठल्या बाजूला हे डोक्यात राहत नाही. पडण्याचा धोका नव्या जागेत पहिल्या काही रात्री जास्त असतो. पाळी करायचीच असेल तर पैशांची करा, माणसाची नको. आई एका घरी राहील, बाकीचे तिच्या खर्चाचा वाटा देतील. याहून बरी तडजोड काही गावांत दिसते: दोन-तीन एकट्या बायका एकीच्या घरी एकत्र राहतात, चूल एक, रात्री सोबत. त्यांनी शिधापत्रिका मात्र एकत्र करू नयेत, अंत्योदयाचे ३५ किलो धान्य कार्डामागे असते. आणि घर जिचे आहे तिच्या वारसांना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ती गेल्यावर तेराव्याला उरलेल्यांचे सामान बाहेर पडते.

कागदांकडे वळू. मुलांना जमीन-घर बक्षीसपत्राने देण्याचे मुद्रांक शुल्क राज्यात फक्त दोनशे रुपये आहे, त्यामुळे साठी उलटली की घाई होते. घाई करू नका. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मागता येते. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ती अट असल्याचे दिसले पाहिजे असे सांगितले. जानेवारी २०२५ मधल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावला आहे, तरी त्यावर विसंबण्यापेक्षा दस्तातच लिहावे: घेणाऱ्याने देणाऱ्याची हयातभर अन्न, औषध आणि राहण्याची सोय करावी, न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द समजावे, आणि अमुक खोलीत राहण्याचा हक्क हयातीपर्यंत राहील. दस्तलेखक ठोकळा मजकूर टाकतात. ही तीन वाक्ये सांगून घालून घ्यावी लागतात. त्याहून सुरक्षित मृत्युपत्र. ते माणूस गेल्यावरच लागू होते, हवे तेव्हा बदलता येते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात. ते वारसांपैकी नसावेत.

जमीन आधीच पोराच्या नावे केली की आणखी एक नुकसान होते जे तलाठी कार्यालयात कुणी सांगत नाही. पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार बापाचे बंद होतात आणि पोराला ते सुरू होत नाहीत, कारण १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर आलेला, मृत्यूनंतरच्या वारसाहक्काचा अपवाद सोडला तर, त्यात बसत नाही. त्याला जोडलेले राज्याचे सहा हजारही जातात.

पोटगीचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर करता येतो, वकील लागत नाही. निकाल नव्वद दिवसांत अपेक्षित, फार तर तीस दिवस वाढ. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार. मुलींचाही त्यात समावेश आहे, आणि मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे तो नातेवाईक जबाबदार. अर्ज रखडतात ते बहुधा नोटीस न बजावल्यामुळे. पोराचा फक्त गावचा पत्ता लिहू नका; तो कुठे नोकरीला आहे, खोली कुठे आहे, फोन नंबर, सगळे द्या.

मानधनाबाबत दोनच सूचना. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही तर पैसे थांबतात. आणि वावरात झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर उठत नाहीत, म्हणून पोस्टमनकडून घरपोच पैसे घेण्याची सोय आधी एकदा चालते का ते करून पाहा. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. ते कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत भरती उपचारांसाठी आहे. घरी लागणाऱ्या बाईचा, डायपरचा, रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यात नाही. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात, त्या तिथूनच घ्या. एसटीचा प्रवास पंच्याहत्तरीनंतर फुकट आहे, तरी तपासणीला जाताना सोबत माणूस लागतो आणि त्याचे तिकीट व बुडालेली मजुरी हा खरा खर्च असतो.

आता वृद्धाश्रम. तो नकोच असे आमचे म्हणणे नाही. ज्याला घर नाही, कुणी नाही किंवा घरात मारहाण आहे त्याला तो हवाच. कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांची सोय असलेला एक वृद्धाश्रम सांगितला आहे, फक्त तिथे 'शासन करू शकेल' असा शब्द आहे आणि त्या 'शकेल'मध्ये बरेच काही अडकते. १९९५ च्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेतल्या आणि अनुदानित आश्रमांची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे करावी. अमरावतीचे तपोवन १९४६ मध्ये आणि वरोऱ्याचे आनंदवन १९४९ मध्ये उभे राहिले ते कुष्ठरोगामुळे गावाने बाहेर काढलेल्या माणसांसाठी. म्हाताऱ्याला गावाने काढलेले नसते. त्याला तिथे नेऊन ठेवण्याआधी निदान संडासाला एक दांडी लावून पाहिलेली असावी, एवढेच.

जायचे ठरलेच तर पहिला प्रश्न हा विचारा: अंथरुणाला खिळल्यावर काय? बहुतेक वृद्धाश्रम स्वतःची कामे स्वतः करणाऱ्यालाच घेतात आणि तो लोळणा झाला की घरच्यांना 'घेऊन जा' म्हणून फोन येतो. म्हणजे सर्वांत जास्त गरज असते त्या वेळीच जागा जाते. हे नियमावलीत लिहिलेले असते, कुणी वाचत नाही. अनामत किती आणि सहा महिन्यांत सोडले तर परत किती, रात्री कोण असते, दवाखान्यात कोण नेते आणि बिल कोण भरते, मानधनाचे पासबुक कुणाच्या ताब्यात राहील, हे लेखी घ्या. पासबुक आणि एटीएम संस्थेच्या हाती देऊ नका. संस्थेचा धर्मादाय नोंदणी क्रमांक पाहा. भेट न सांगता द्या, दुपारी दोनला, आणि थेट संडासाकडे जा. एक महिना पाहुणे म्हणून राहून मगच कायमचे ठरवा. गावचे घर तोवर विकू नका, भाड्यानेही देऊ नका.

हे सारे करायला पैसा कुठून? पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या ग्रामपंचायत निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. संडासाच्या पायऱ्या, दांड्या आणि दारे हे स्वच्छतेचेच काम आहे, पण आराखड्यात ते शब्द कुणी लिहीत नाही, तिथे नालीच असते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याचे ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र निघाले तर कमोड खुर्ची, वॉकर त्यातून बसते. प्रमाणपत्रासाठी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते, तर गावातल्या सगळ्यांची एकच गाडी करून एका दिवशी न्यावे.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. पुढच्या सभेआधी आशाताईंकडून एक यादी करून घ्यावी: गावात सत्तरीपुढचे एकटे किती, त्यांच्या संडासाला पायऱ्या किती, दार कोणत्या बाजूला उघडते, दांडी आहे का, आणि सकाळी हाक कोण देते. पाच रकान्यांचा एक कागद. तो ठरावासोबत जोडावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली की नाही ते ग्रामसेवकाकडून सभा संपायच्या आत वाचून घ्यावे.

आपले,
ग्रामीण भागात वृद्धसेवा आणि घरदुरुस्तीचे काम करणारे काही कार्यकर्ते
जि. यवतमाळ